डिकीतला वूफर

अण्णांचं सगळं आयुष्य खोक्यांमध्ये गेलं. खोकी बनवण्याच्या कारखान्यात ते पंचिंगच्या मशीनवर होते. औषधांची, साबणांची, बुटांची अशी यच्चयावत खोकी त्यांच्या हाताखालून सपाट जायची आणि पुढे कुठेतरी दुसऱ्याच माणसाच्या हातात उभी राहायची. मशीनचा दणका असा की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. कानात घालायला बोळे मिळायचे, पण अण्णांच्या वयाच्या माणसांनी ते कधी मनावर घेतले नाहीत. त्यामुळे घरी ते मोठ्याने बोलत, टीव्ही मोठ्याने लावत आणि बायको काही म्हणाली की आधी ‘अं?’ करत. बायकोचं म्हणणं असं, की त्यातले निम्मे खरे आणि निम्मे सोयीचे.

एकुलता एक मुलगा जाऊन वर्ष होत आलं होतं. निमित्त साध्या तापाचं झालं. सोमवारी अंग दुखतंय म्हणून घरी थांबला, आणि पुढचा सोमवार उजाडायच्या आत सगळं संपलं. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णा रडले नाहीत. लोक म्हणाले, बाप धीराचा आहे. धीरबीर काही नव्हता. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की आपलाच गाल परका होतो. बोट लावलं तर बोटाला गाल कळतो, गालाला बोट कळत नाही. अण्णांचं तसं झालं होतं, फक्त गालापुरतं नव्हतं. भूक लागली की ते जेवत. झोप आली की झोपत. कामावर एक दिवस खाडा नाही. मशीनवर हात आपोआप चालायचे, आणि बाकीचेही अण्णा तसेच आपोआप चालायचे.

घरात तिघं उरली होती. अण्णा, त्यांची बायको आणि सून. सून एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, लोकांचं रक्त तपासायची. मुलगा गेल्यावर ती माहेरी जाईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, पण ती राहिली. का राहिली हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी येऊन सासूला भाजी निवडून द्यायची. मग एके दिवशी जेवताना तिने सांगितलं की दुसऱ्या शहरात मोठ्या लॅबमध्ये नोकरी मिळाली आहे, महिनाअखेरीला जावं लागेल. सासू म्हणाली, “जा बाई. तुझं वय काय घरात बसायचं आहे का?” आणि उठून आत गेली. मग घासलेली भांडी पुन्हा घासल्याचा आवाज येत राहिला. अण्णा म्हणाले, “बरं झालं,” आणि त्यांनी आणखी थोडं वाढून घेतलं.

गाडी ती घेऊन जाणार होती. गाडी मुलाची. त्याने लग्नाच्या आधी जुनी विकत घेतली होती आणि जीव लावून ठेवली होती. तो गेल्यावर सुनेच्या नावावर झाली. त्या गाडीच्या डिकीत एक डबा होता. डबा म्हणजे काळ्या कापडाने मढवलेली चांगली दणकट लाकडी पेटी, आणि तिच्या तोंडाशी जेवणाच्या ताटाएवढा गोल स्पीकर, वूफर. मुलाने तो बसवून घेतला तेव्हा अण्णांना खाली नेऊन दाखवला होता. अण्णा म्हणाले होते, डिकी सामानासाठी असते. मुलगा हसला होता.

“अण्णा,” सून एका सकाळी म्हणाली, “डिकीतला तेवढा डबा काढून आणाल का? माझं सामान बसायचं नाही.”

“आणतो,” अण्णा म्हणाले. एवढंच बोलणं झालं.

मुलाने डबा जिथून घेतला ते दुकान अण्णांना ठाऊक होतं. टायरवाले, सीटकव्हरवाले, काचांना काळी फिल्म लावणारे अशांच्या रांगेत ते होतं. दुकान म्हणजे पुढून उघडं गॅरेज. एका वेळी दोन गाड्या आत घेता येतील एवढं. भिंतीवर स्पीकर टांगलेले, जमिनीवर वायरींचे तुकडे आणि कोपऱ्यात गाड्यांच्या दारांचे आतले पत्रे एकाला एक टेकवून ठेवलेले. मालकाला सगळे ‘बास’ म्हणत. धंदा बासचा, म्हणजे खर्जाच्या दणक्याचा, म्हणून ते नाव पडलं. गंमत अशी की ‘बास’ हा शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. गिऱ्हाईक म्हणायचं, पुरे. आणि हा म्हणायचा, थोडं अजून.

बासने गाडी लगेच ओळखली. नंबराकडे बघून तो हसतच बाहेर आला आणि आत मुलाऐवजी अण्णा दिसल्यावर दारात थांबला. अण्णांनी त्याला सांगितलं. अशी बातमी सांगायची त्यांना सवय झाली होती. बँकेत, गॅसवाल्याकडे, विम्याच्या ऑफिसात, सगळीकडे त्यांनी ती एकाच सुरात सांगितली होती.  बास हातातली चिकटपट्टी उलगडत आणि परत गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “तो परत येणार होता हो. दारांचं काम राहिलंय त्याचं.”

अण्णा डबा काढायला आले होते. पण समोरचा बोलतोय म्हटल्यावर ते ऐकत उभे राहिले.

बासने समजावून सांगितलं ते असं. मुलाने आधी वूफर आणि त्याला ताकद पुरवणारा, त्याच्यापुरता अॅम्प्लिफायर घेतला. दारांतले स्पीकर कंपनीने दिलेलेच राहिले. पातळ कागदाचे, स्टीरिओच्या तुटपुंज्या ताकदीवर चालणारे. वूफरचं काम फक्त तळाचा आवाज देणं. गाणारा माणूस, वाद्यं, शब्द, हे सगळं दारांतून यायला हवं. आता वूफर वाढवला की दारं बुडतात, आणि दारं वाढवली की फाटतात. “एका बाजूला पैलवान आणि दुसऱ्या बाजूला कालच तापातून उठलेला माणूस. दोघांनी मिळून कपाट उचलायचं म्हटलं तर कसं उचलणार?” बास म्हणाला. बोलून झाल्यावर आपण ताप हा शब्द वापरला हे त्याच्या लक्षात आलं आणि तो घाईघाईने गाडीत शिरला. “बसा, ऐकवतो.”

अण्णा ड्रायव्हरच्या शेजारी बसले. बासने काहीतरी लावलं. दारांतून काय येत होतं ते अण्णांना नीटसं कळलं नाही, पण डबा कळला. सीटच्या पाठीतून तो मणक्यात आला, तिथून बरगड्यांत. छातीच्या आत कुणीतरी पालथ्या मुठीने दार ठोठावल्यासारखं वाटलं. दुःख झालं, आनंद झाला, आठवण आली, असलं काही नव्हतं. फक्त काहीतरी लागत होतं. वर्षभरात काही लागलं नव्हतं.

बासने बंद केलं आणि विचारलं की डबा नेमका कसा काढायचा, अॅम्पसकट की नुसता.

“दारांचं काम करून टाका,” अण्णा म्हणाले.

आपण हे का म्हणालो याचा विचार त्यांनी बसमधून घरी येताना केला. विचार करायला बसले आणि काहीच सापडलं नाही. घरी त्यांनी सांगितलं की गाडी लांबच्या प्रवासाला जाणार, म्हणून जरा नीट बघून घेतो आहे, दोन-चार दिवस लागतील. सून म्हणाली, चालेल. बायकोने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कणकेचा गोळा उलटा करून पुन्हा मळायला घेतला.

त्यानंतर पाळी संपली की अण्णा घरी न जाता बासच्या दुकानात जाऊ लागले. बासने एक प्लास्टिकचं स्टूल दिलं, त्यावर ते बसून राहत. त्यांना कामातलं काम कळत होतं. दाराचा आतला पत्रा उचकटला की मागे पोकळ, पातळ लोखंड; टिचकी मारली तर डब्याच्या झाकणासारखं वाजायचं. बासने त्यावर काळे चिकट जाड तक्ते लाटणं फिरवावं तसे छोट्या रुळाने दाबून दाबून बसवले. मग टिचकी मारली, तर लाकडासारखा ठस्स आवाज. हे अण्णांना बोटाला कळलं. ते म्हणाले, आमच्याकडे मशीनखाली रबर घालतात, तसंच हे. बास खूश झाला. त्याला आपल्या कामात रस घेणारं माणूस क्वचित भेटायचं. बहुतेकांना नुसता दणका हवा असायचा.

कंपनीचा स्पीकर काढून त्याने अण्णांच्या हातावर ठेवला. कोरड्या पानासारखा हलका. आणि नवा स्पीकर दुसऱ्या हातावर ठेवला तर मनगट खाली गेलं. त्याच्याबरोबर आरशाजवळच्या कोपऱ्यात बसणारे, बटणाएवढे ट्वीटर होते. बारीक, धारदार आवाज त्यांच्यातून यायचा. बॅटरीपासून एक जाड लाल वायर मधे फ्यूज टाकून आत आणली आणि सीटखाली चार दारांसाठी नवा अॅम्प बसवला. बास काम करता करता बोलायचा. अॅम्पवरची गेनची कळ म्हणजे आवाजाची कळ नव्हे, असं तो बजावून सांगायचा. स्टीरिओ जेवढं देतो तेवढंच अॅम्पने घ्यायचं, हावरटपणा केला की आवाज चिरफाळतो. मग वाटणी. एका ठरावीक खालच्या सुरापर्यंत डब्याचं राज्य, तिथून वर दारांचं. दोघांनी एकमेकांच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही.

“संसारासारखं आहे,” बास म्हणाला.

“आमच्याकडे हद्द एकीचीच आहे,” अण्णा म्हणाले. बास खो खो हसला. आपण विनोद केला हे अण्णांना त्याच्या हसण्यावरून कळलं.

मुलाबद्दल बास मधूनमधून काहीबाही सांगायचा. तो इथे याच स्टुलावर बसायचा. डबा कुठल्या लाकडाचा असावा यावर त्याने बासशी तासभर वाद घातला होता आणि मग बासचंच ऐकलं होतं. दुसऱ्याची गाडी ढकलायची असली की आधी हा उठायचा. अण्णा मान हलवत ऐकायचे. हा कुणी ओळखीतला, चांगला वाटणारा मुलगा असावा आणि आपली-त्याची गाठ राहून गेली असावी, असं त्यांना वाटायचं.

शेवटच्या दिवशी सगळं जोडून झालं. बासने अण्णांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि एका बाईच्या आवाजातलं संथ गाणं लावलं. मांडीवरच्या फोनवरून तो एकेक गोष्ट कमी-जास्त करत होता.

“आता बाई कुठे उभी आहे सांगा,” तो म्हणाला. “समोर काचेवर, बरोबर मधोमध वाटली पाहिजे.”

अण्णांनी समोर काचेकडे पाहिलं. काचेवर वायपरने पुसलेली धूळ होती. गाणं येत होतं, पण कुठून येतंय ते त्यांना सांगता येईना. उजवीकडून, डावीकडून, शेजारच्या दुकानातून, कुठूनही. मशीनने त्यांच्या कानातले वरचे सगळे सूर केव्हाच खाऊन टाकले होते.

“मधोमध,” अण्णा म्हणाले.

“आणि आता?” बासने काहीतरी बदललं.

अण्णांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बासच्या भुवया किंचित आक्रसल्या होत्या. “आता जरा हललं,” अण्णा म्हणाले.

असं दोन-तीनदा झालं. मग बासने हळूच ट्वीटर बंद करून टाकले आणि तो अण्णांकडे पाहत राहिला. अण्णा त्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होते आणि त्या चेहऱ्यावर या वेळी काहीच नव्हतं. बासला समजलं. त्याने ट्वीटर परत चालू केले.

“छान बसलंय,” तो म्हणाला. “घरी गेल्यावर सूनबाईंना बसवून एकदा ऐकवा. तरुण कान वेगळे असतात.”

मग त्याने डब्याचा आवाज उतरवायला सुरुवात केली. हे मात्र अण्णांना लगेच कळलं. पाठीतलं ठोठावणं कमी होत गेलं. ते म्हणाले, राहू द्या की, एवढा उतरवू नका. बास म्हणाला की आता दारांत ताकद आली आहे, डब्याने ओरडायची गरज उरली नाही. तो मागे आहे हे कळताच कामा नये. तळ सांभाळायचा आणि गप्प बसायचं. जुळणी म्हणतात ती हीच.

“थोडा वाढवा,” अण्णा म्हणाले.

“वाढवला तर पुन्हा होतं तसंच होईल, अण्णा.”

 गाणं चालू होतं. अण्णांनी सीटच्या पाठीला हात लावला तर बोटांना अगदी बारीकशी थरथर लागत होती. मांजर झोपेत गुरगुरावं तशी. बासने स्क्रू घट्ट केले, पत्रे बसवले, दारं पुसली. निघताना त्याने अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

निघायचं रविवारी सकाळी ठरलं होतं. सासू सुनेबरोबर जाणार होती. नव्या घरात भांडीकुंडी लावून देऊन, थोडे दिवस राहून परतणार होती. खाली पार्किंगमध्ये बॅगा, पिशव्या आणि खोकी येऊन पडली. खोकी अण्णांनीच कारखान्यातून आणली होती. सासू वर गॅस बंद केला की नाही ते बघायला तिसऱ्यांदा गेली होती. सुनेने डिकी उघडली.

डबा तिथेच होता.

ती डिकीचं झाकण धरून उभी राहिली. अण्णाच म्हणाले, “एकदा ऐक तर. आत बस.”

ती बसली. अण्णा शेजारी बसले आणि बासने दाखवलं होतं तसं त्यांनी लावून दिलं. गाणं सुरू झालं. सून समोर पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर एकदा काहीतरी आलं, कुणी अचानक जवळून बोलल्यावर येतं तसं. तिने आरशाजवळच्या त्या बटणाएवढ्या स्पीकरकडे पाहिलं, मग दाराकडे. अण्णा तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होते. त्यांना दुसरीकडून काही कळणार नव्हतं. मग गाण्यात मागचा दणका आला, उतरवलेला, मऊ, आणि तिने हात पुढे करून बंद केलं.

“अण्णा, मी तो काढायला सांगितला होता.”

“त्याचं काम अर्धवट राहिलं होतं,” अण्णा म्हणाले. “तो बासवाला म्हणाला, दारं केली की नीट होईल. म्हणून मी...” 

सुनेने स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग तिने हळूहळू सांगितलं. तिचं बोलणं अण्णांना नेहमी अर्धमुर्धं ऐकू यायचं, पण गाडीच्या काचा बंद होत्या आणि ती त्यांच्याकडे तोंड करून बोलत होती, त्यामुळे शब्द न् शब्द आला.

त्या डब्यावरून त्या दोघांची भांडणं व्हायची. तिचं डोकं दुखायचं. दिवसभर लॅबमधल्या यंत्रांची घरघर, आणि गाडीत बसलं की हा. तो म्हणायचा, दारं केली की बघ, दुखणार नाही. ती म्हणायची, काढून टाक. शेवटी एकदा तिने सांगितलं, एक तर हा डबा नाही तर मी. थट्टेत म्हटलं होतं, पण सगळंच थट्टेत नव्हतं. मग दोन आठवडे ती त्या गाडीत बसलीच नाही, बसने जायची. त्यानंतर तो आजारी पडला.

“तरी ते एक असो,” ती म्हणाली. “भांडणं सगळ्यांचीच होतात. तो संध्याकाळी यायचा ना, तेव्हा हा आवाज गल्लीच्या तोंडापासून वर ऐकू यायचा. खिडकीची काच थरथरायची. मी चहा टाकायची. तुम्हाला कधी कळलं नसेल.”

“नाही,” अण्णा म्हणाले.

“अजूनही रस्त्यावरून असली कुणाची गाडी गेली की मी उठते. चहाच्या भांड्यापर्यंत जाते. मग आठवतं.” ती थांबली. “मला हा बरोबर न्यायचा नाही अण्णा. तिथे तरी नको.”

पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. अण्णा तिकडे पाहत राहिले. 

“आवाज चांगला झालाय का?” त्यांनी विचारलं. “खरं सांग.”

“खूप चांगला झालाय. ती बाई समोर बसून गातेय असं वाटलं. गाता गाता श्वास घेतला तोसुद्धा ऐकू आला.” मग तिने विचारलं, “तुम्हाला येतो ऐकू? तो फरक?”

“नाही,” अण्णा म्हणाले. “मला फक्त डबा कळतो.”

सुनेने त्यांच्याकडे नीट पाहिलं. या वर्षात तिने त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं, त्यांनीही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.  तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. हात ठेवलेला अण्णांना दिसला, आणि थोड्या वेळाने, जरा उशिराच, मनगटावर ऊब आहे असंही जाणवलं.

ते उतरले, टूलकिटमधून पाना काढला आणि डिकीत वाकले. बास कसं काम करतो हे त्यांनी इतके दिवस पाहिलं होतं, त्यामुळे हात अडखळले नाहीत. आधी त्यांनी वूफरचा फ्यूज काढला. मग वूफरच्या वायरी सोडवून तोंडांना चिकटपट्टी गुंडाळली आणि सीटमागे खोचून टाकल्या. वूफरचा अॅम्प काढला. डबा तळाला पट्ट्यांनी आवळलेला होता, त्या सोडल्या. दारांच्या अॅम्पला त्यांनी हात लावला नाही. डबा उचलताना सून दुसऱ्या बाजूने आली. अण्णा म्हणाले, राहू दे, जड आहे. तिने ऐकलं नाही. दोघांनी मिळून तो खांबाशी नेऊन ठेवला आणि रिकाम्या जागेत बॅगा रचायला लागले. खोकी रचण्यात अण्णांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एवढ्याशा डिकीत त्यांनी सगळा संसार बसवला.

सासू खाली आली. तिने खांबाशी ठेवलेला डबा पाहिला, मग नवऱ्याला, मग सुनेला, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. फ्रीजमध्ये काय ठेवलंय आणि ते कधीपर्यंत संपवायचं, हे तिने खिडकीतून अण्णांना सांगितलं. सुनेने फाटकाशी गाडी थांबवून एकदा मागे पाहिलं. मग गाडी वळली. मुलाच्या वेळी ती वळायची तेव्हा जमीन हादरायची म्हणे. आज काही हादरलं नाही.

डबा अण्णांनी लिफ्टमधून वर नेला. पहिले काही दिवस तो बैठकीच्या खोलीत भिंतीशी पडून होता. अण्णा त्यावर वर्तमानपत्र ठेवू लागले, मग चष्मा, मग चहाचा कप. कपाचा गोल डाग काळ्या कापडावर उमटला. तो पुसायला वाकले तेव्हा त्यांनी वूफरच्या मधल्या गोलावर तळहात ठेवून जरासा दाबला. तो आत गेला आणि आपसूक बाहेर आला. पुन्हा दाबला. वायर नसलेला वूफर काय बोलणार. अण्णा बराच वेळ तिथे जमिनीवर बसून होते. रडू येईल असं त्यांना वाटलं. ते वाट पाहत राहिले, आणि ते आलं नाही. मग गुडघे दुखायला लागले म्हणून उठले.

पुढच्या सुट्टीला त्यांनी तो रिक्षात घालून बासकडे नेला. दारं चांगली वाजतात, सून म्हणाली, श्वाससुद्धा ऐकू येतो, असं त्यांनी बासला सांगितलं. डबा का परत आला हे बासने विचारलं नाही. हा घ्या आणि कुणाला तरी द्या, अण्णा म्हणाले, फक्त आमच्या गल्लीतल्या कुणाला देऊ नका. बासने मान डोलावली. चहा झाला. अण्णा निघताना बासने एक कागद त्यांच्या खिशात घातला. त्यावर एका कानाच्या डॉक्टरांचा पत्ता होता. दुकानातल्या दणक्याने बासचाही एक कान गेला होता आणि तो तिथे जायचा. “वेळ मिळाला तर,” तो म्हणाला. अण्णांनी वेळ काढला. डॉक्टरांनी एक छोटंसं यंत्र दिलं. ते लावलं की पिशवीचा चुरचुराट, चमच्यांचा किणकिणाट, स्वतःच्याच चपलांची फरफर असं नको ते सगळं आधी ऐकू यायचं. अण्णा ते रविवारी लावत आणि उरलेले दिवस डबीत ठेवत.

बायको परत आली. सुनेचं बस्तान तिकडे बसत होतं. तिकडचे रस्ते लांबलचक, कामावर जायला-यायलाच बराच वेळ लागायचा, म्हणून ती गाडी चालवता चालवता घरी फोन करू लागली. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असायचा. सासूशी बोलून झाल्यावर एकदा ती म्हणाली, अण्णांना द्या.

अण्णांनी फोन घेतला.  तिकडे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

“काहीही बोला अण्णा,” सून म्हणाली. “इथे सिग्नलला अडकलेय. आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा येतोय तुमचा.”

मग अण्णांनी सांगितलं की कारखान्यात दिव्यांच्या खोक्यांचं नवीन काम आलं आहे. खोक्याला पुढे काचेसारखी खिडकी ठेवायची आहे आणि त्या खिडकीचा कोपरा फाटतो. सगळे कागदाला दोष देतायत, पण कागद ठीक आहे. पातं एका बाजूने झिजलंय. आज ते उतरवून घासून घेतलं. उद्या बघायचं. सून मधे मधे हं म्हणत होती. सिग्नल सुटला, गाडी चालू लागली, तरी अण्णा सांगतच राहिले. खिडकीचं झालं, मग गोंदाचं सांगितलं, मग साहेबांना गोंदातलं काही कळत नाही ते.

तिकडून ती काहीतरी म्हणाली ते अण्णांना समजलं नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“पोचली म्हणतेय,” बायको म्हणाली.

“बरं,” अण्णा फोनमध्ये म्हणाले. “उद्या खिडकीचं काय झालं ते सांगतो.”